पाचवं नाव

प्रिय पपा,

अनुदादाला मस्कत विमानतळावर सोडलं त्याला आज चार दिवस झाले, आणि तुम्हाला जाऊन तेवीस. एवढं मी न चुकता सांगू शकते. त्यापलीकडे मला काय होतंय ते सांगता येत नाही. जेवते, झोपते, कुरुमच्या ऑफिसात जाते, लोकांच्या रजेचे अर्ज मंजूर करते. काल एका मुलीने वडील आजारी म्हणून सुट्टी मागितली. मी तिला विचारलं, "रिटर्न तिकीट कधीचं?" विचारून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की आणखी काही तरी विचारायला हवं होतं.

हे पत्र आत्ताच का? कारण दादाने जाता जाता मला एक गोष्ट सांगितली, आणि तिच्यावर मी तुमच्याशी बोलायला हवं. तुमच्याशी बोलायला सतरा वर्षं हाताशी होती. एकाच घरात, एकाच टेबलावर. तेव्हा बोलले नाही आणि आता लिहितेय. याची लाज वाटायला हवी ना, पपा? वाटतही असेल. मला जाणवत नाही.

तुम्ही गेलात त्या बुधवारी सकाळी चहा अर्धा प्यायला होता. इवाला शाळेच्या बसमध्ये बसवून मी वर आले, तेव्हा तुम्ही खुर्चीतच होतात, चष्मा डोळ्यांवर. पुढचं सगळं मी नीट केलं. हॉस्पिटलचा कागद, पोलिसांचा शिक्का, दूतावासाचं ना-हरकत पत्र. व्हिसा रद्द करायच्या खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं, "बिन्त?" मी म्हटलं, हो, मुलगी. "अल्ला यरहमा," देव त्यांच्यावर दया करो, असं त्या म्हणाल्या, आणि कात्रीने तुमच्या कार्डाचा कोपरा कापला. मी शुक्रन म्हणून बाहेर आले. गाडी कुठे लावली तेही आठवत होतं!

मम्मीशेजारची जागा मिळाली तुम्हाला. ते कोरडे डोंगर, ती भिंत, सगळं तसंच. माती टाकताना इवाने माझा हात ओढला. "मम्मा, तू क्राय का नाही करत?" मी तिला म्हटलं, नंतर. जणू भांडी घासायचीत.

मग आली स्मरण उपासना. शुक्रवारी दुपारी, मल्याळी मंडळी बाहेर पडल्यावर आणि तेलुगू मंडळी आत येण्याआधी आपल्याला जो दीड तास मिळतो, त्यात. आपले तरुण पाळकसाहेब म्हणाले, "ताई, जीवनवृत्तांत तुम्हीच वाचा. सरांना तुमच्याइतकं कोण ओळखतं?"

मी वाचला. राहुरीजवळच्या गावात जन्म, वडील शाळेत शिपाई. गणिताची पदवी, नगरला शिक्षकी, मग पाळकपदाची दीक्षा. सोहारला नवं कॉलेज निघालं तेव्हा ते उभं करायला बोलावणं आलं. कॉलेजचे पहिले प्राचार्य. सहा वर्षांनी स्वेच्छेने पद सोडलं आणि निवृत्तीपर्यंत तिथेच गणित शिकवलं. दर शुक्रवारी मराठी मंडळीची सेवा. आमेन.

"स्वेच्छेने पद सोडलं" हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा तेच लिहिलं होतं. वाचताना तिथे माझा आवाज गेला. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं. मागच्या बाकावरून कुणी तरी पाण्याची बाटलीही पुढे पाठवली. पहिल्या रांगेत अनुदादा बसला होता. त्याने मान वर केली नाही.

पपा, त्या सहा वर्षांबद्दल किती बोलता आलं असतं! टायरच्या दुकानावरच्या सहा खोल्या म्हणजे कॉलेज. घंटा नव्हती, म्हणून औद्योगिक वसाहतीतल्या एका फोरमनने लोखंडी पाइपचा तुकडा आणून दिला आणि तुम्ही, प्राचार्य, ऑगस्टच्या उन्हात टाय लावून तो स्वतः वाजवायचात. सकाळी ओमानी मुलं-मुली, संध्याकाळी कारखान्यातले कामगार. कोकणातल्या एका वेल्डरला तुम्ही त्रिकोणमिती शिकवलीत, तो पुढे सुपरवायझर झाला आणि दरवर्षी गावाहून आंबे आणून द्यायचा. तुम्ही दोन ठेवून बाकीचे स्टाफरूममध्ये वाटायचात. मम्मी किती चिडायची!

आणि शुक्रवारी सोहार ते मस्कत. तुम्ही गाडी चालवताना उपदेश म्हणून बघायचात आणि मम्मी परीक्षकासारखी ऐकायची. "तिसऱ्या मुद्द्याला मला झोप येते," ती एकदा म्हणाली. तुम्ही बर्का गावापर्यंत गप्प. चर्चमध्ये तिसरा मुद्दा आलाच नाही. मी आणि दादा मागच्या बाकावर तोंडात रुमाल कोंबून हसत होतो.

हे सगळं मी वाचलं नाही. वाचलं असतं तर पुढचंही वाचावं लागलं असतं.

म्हणून ते आता लिहिते. तुम्हाला माहीत आहे, असं कळलंय. तरी माझ्या तोंडून ऐका.

मी पहिल्या वर्षाला होते, दादा दुसऱ्या. प्रश्नपत्रिका तुम्ही घरच्या लोखंडी कपाटात ठेवायचात, कारण कॉलेजच्या कपाटाला धड कुलूप नव्हतं. एक किल्ली तुमच्याकडे, दुसरी माझ्याकडे होती. "अनु विसरतो, तू नाही," असं म्हणून तुम्ही दिली होती. ती मी कंपासपेटीत ठेवायची. त्या गुरुवारी तुम्ही आणि मम्मी मंडळीच्या सभेला मस्कतला गेला होतात. दादा माझ्या खोलीच्या दारात आला.

"सुवा, किल्ली दे ना."

"कशाला?"

"सलीमचा गणिताचा पेपर गेला तर खलास. त्याचा बाप त्याला सूरला नेऊन मासेमारीच्या बोटीवर घालणार आहे. फक्त बघतो. पाच मिनिटं."

"आणि पपांना कळलं तर?"

"कसं कळेल?"

मी कंपासपेटी उघडली, किल्ली काढली आणि त्याच्या हातात ठेवली. मला कुणी फसवलं नाही, पपा. धमकावलं नाही. दादा माझ्याकडे काही मागत होता आणि मला ते देता येत होतं, एवढंच. मग मी पुन्हा पुस्तक वाचायला लागले.

तुम्हाला कसं कळलं ते अख्ख्या कॉलेजला माहीत होतं. प्रश्नपत्रिकेसोबत तुमच्या हातची उत्तरंही होती, आणि एका उत्तरात तुम्हीच वजाचं चिन्ह चुकवलं होतं. जेवणाच्या टेबलावर पेपर तपासताना तुम्हाला तीच चूक चार पेपरांत सापडली. सलीमच्या, त्याच्या दोन मित्रांच्या आणि दादाच्या. तुम्ही उठलात, कपाट उघडलंत, नुसतं बघितलंत आणि लावलंत. मम्मी कोशिंबिरीला फोडणी देत होती.

"किल्ली कुठे होती, सुवार्ता?"

"माझ्या कंपासपेटीत."

"मी काढून घेतली," दादा लगेच म्हणाला. "ती अंघोळीला गेली होती. तिला माहीत नाही."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी काहीच बोलले नाही. त्या वेळी गप्प राहणं इतकं सोपं होतं, पपा! नुसतं उभं राहायचं होतं.

कॉलेजचा नियम तुम्हीच केलेला: पेपर फोडण्यात ज्याचा हात, तो एक वर्ष बाहेर. तीन दिवसांनी कॉलेजचे मालक आपल्या घरी आले. सगळा कामगारवर्ग त्यांना अर्बाब म्हणायचा, तुम्हीही म्हणायचात; ते तुम्हाला मुदीर, म्हणजे प्राचार्य, म्हणायचे. त्यांनी खजूर खाल्ले, मम्मीचा चहा प्यायला आणि म्हणाले, "मुदीर, लडका तेरा है. चारों को वॉर्निंग दो, खलास."

"मेरा है अर्बाब, इसीलिए नहीं," तुम्ही म्हणालात.

दादा आत पलंगावर बसून ऐकत होता. त्याने फक्त बूट काढून पलंगाखाली सरकवले.

वर्षभरासाठी काढल्याची ती पत्रं तुम्ही मलाच टाइप करायला लावलीत. तुमची सगळी पत्रं मीच टाइप करायची, त्यामुळे त्यात वेगळं काही नव्हतं. तुम्ही सांगत होतात, मी टाइप करत होते. चार पत्रं, मजकूर एक, फक्त नावं वेगळी. चौथं दादाचं. अनुग्रह साळवे, द्वितीय वर्ष. ते छापून निघालं तेव्हा तुम्ही सही केली नाही. खिडकीशी जाऊन उभे राहिलात. पाठमोरे.

"अजून एखादं नाव राहिलं का, सुवार्ता?"

"नाही, पपा."

मग आलात आणि चारही सह्या केल्यात.

माझी तक्रार हीच आहे. तुम्ही एकदाच विचारलंत! वर्गात एखाद्या पोराला उत्तर आलं नाही तर तुम्ही तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारायचात. मला आणखी एकदा विचारलं असतंत तर? मी सांगितलं असतं का? ठाऊक नाही. पण विचारायला हवं होतंत.

दादा नगरला काकांकडे गेला. त्याला विमानतळावर सोडायला तुम्ही एकटे गेलात. मम्मी माझ्याजवळ थांबली. दुसऱ्या दिवशी तुम्ही राजीनामा दिलात. तोही मीच टाइप केला. कारणाच्या जागी एकच ओळ: नियम पाळण्यात मी स्वतः कमी पडलो. मला वाटलं, कपाट तुमच्या घरातलं, म्हणून. सगळ्यांना तसंच वाटलं. अर्बाबांनी खूप समजावलं. शेवटी म्हणाले, "मुदीर, तू पागल है," आणि तुमच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

मग ती वर्षं. स्टाफरूममध्ये झेरॉक्स मशिनशेजारचं शेवटचं टेबल तुमचं. तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेले नवे प्राचार्य आत आले, की तुम्ही उठून उभे राहायचात. मुलं जुन्या सवयीने "या मुदीर" म्हणायची, तुम्ही बोट दाखवायचात, "मुदीर तिकडे. मी मिस्टर साळवे." आणि मी त्याच इमारतीत शिकत होते. पहिली आले, पपा. पदवीदान समारंभात तुम्ही तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात. दादा मात्र परत आलाच नाही. त्याची पदवी राहिलीच. त्याने नगरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं.

मी समजून चालले होते, की तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही. घरात त्याचं नाव निघालं की मीच विषय बदलायची. तुम्ही दर मे महिन्यात नगरला जायचात ते मंडळीच्या कामासाठी, असं मी ठरवून टाकलं होतं. तुम्हाला कधी विचारलं नाही. विचारलं तर बोलणं कुठे जाईल, ही भीती.

जायच्या आदल्या दिवशी दादा म्हणाला, "सोहारला जाऊ या. एकदा बघतो." आम्ही दोघंच गेलो. कॉलेज आता नव्या आवारात गेलंय, मोठं फाटक, खजुरांची रांग. तिकडे तो गेला नाही. जुन्या इमारतीपाशीच गाडी थांबवली. खाली आता फरशांचं दुकान आहे, वर 'भाड्याने देणे'चा बोर्ड. समोरच्या टपरीवरून दोन करक चहा घेऊन आम्ही सावलीत उभे राहिलो.

"परवा वाचलंस ते," तो म्हणाला. "स्वेच्छेने पद सोडलं."

"मग काय वाचायचं होतं?"

"चूक नाही. अर्धं आहे." त्याने चहाचा घोट घेतला. "सुवा, पपांना माहीत होतं."

"काय?"

"किल्ली तू दिलीस ते. मीच सांगितलं. मला विमानतळावर सोडायला आले होते ना, तेव्हा. माझ्याच्याने नाही राहवलं. पण लगेच म्हटलं, तिचं नाव घालू नका. मी मागितली म्हणून तिने दिली. घरातल्या एकाचं तरी शिक्षण नीट होऊ दे."

"ते काय म्हणाले?"

"रांगेत माझी बॅग पायाने ढकलत राहिले. शेवटी म्हणाले, 'अनुग्रह, मग मला त्या खुर्चीत बसता येणार नाही.' मला तेव्हा कळलंच नाही. वाटलं, माझ्यावरच चिडलेत."

समोरून फरशांनी भरलेला ट्रक गेला. धूळ खाली बसेपर्यंत मी कपावर हात धरून उभी राहिले.

"मला का नाही सांगितलंत कुणी?"

"पपा म्हणायचे, तिला स्वतःहून येऊ दे."

"म्हणायचे? कधी?"

"दर मे महिन्यात. पंधरा-पंधरा दिवस दुकानात बसायचे की! कॉइल गुंडाळायचे. इतकी वाकडी गुंडाळायचे, की मी नंतर सोडून पुन्हा गुंडाळायचो." तो हसला, पपा. "तुला काय वाटलं, आम्ही बोलत नाही?"

मी हो म्हणून मान हलवली. त्याने माझ्या हातातला कप घेतला; तो कधीचा रिकामा होता.

"दादा, तू परत का नाही आलास? वर्षाचाच तर प्रश्न होता."

"पहिलं वर्ष रागात गेलं. मग हाताला काम लागलं. बरं चाललंय माझं, सुवा. तू उगाच माझ्या आयुष्याचं वाळवंट करू नकोस."

मला रडू आलं नाही. परत येताना गाडी मीच चालवली, वाटेत पेट्रोल भरलं, टायरमधली हवासुद्धा बघितली. दादा शेजारी झोपून गेला होता.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीशी येऊन थांबतेय. अर्बाबांना "इसीलिए नहीं" म्हणणारे तुम्ही. तीन लोकांच्या मुलांना आणि स्वतःच्या मुलाला घरी बसवणारे तुम्ही. एकदाच वाकलात, आणि ते माझ्यासाठी. वाकल्यावर त्या खुर्चीत बसून राहणं तुम्हाला जमेना, म्हणून उतरलात. रोज त्या झेरॉक्स मशिनशेजारी बसलात आणि रोज संध्याकाळी घरी येऊन मला विचारलंत, "आज काय शिकलीस?" मी सांगायची, इंटिग्रेशन!

हे तुम्ही बरोबर केलंत का, पपा? मला खरंच कळत नाही. सलीमच्या वडिलांनी तुम्हाला विचारलं असतं, की पाचवी कुठाय, तर काय सांगितलं असतंत? तुमच्या जागी कुणी दुसरा प्राचार्य असता तर तुम्ही त्याला सोडलं असतंत? आणि मला माफ करायचंच होतं, तर जवळ बसवून का नाही केलंत? सतरा वर्षं वाट बघायची म्हणजे फार होतं हो! मी येणार नाही, हे तुम्हाला कधी वाटलं नाही? की वाटलं, आणि तरीही थांबलात?

मम्मी जायच्या आधी हॉस्पिटलमध्ये एकदा मला म्हणाली होती, "तुझ्या पपांशी बोलत जा गं." मी म्हटलं, रोज बोलतो की आम्ही. ती कूस बदलून झोपली. तिलाही माहीत होतं का? आता हे कुणाला विचारू?

परवा संध्याकाळी इवाला सांगितलं. आधी तिलाच सांगायचं ठरवलं होतं. तिच्या मोडक्या मराठीला पेलेल असं, हळूहळू. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग आजोबा तुझ्यावर अँग्री होते?"

"माहीत नाही, बाळा."

"तू विचारलं नाही?"

"नाही."

"ओह," ती म्हणाली. आणि मग, "दॅट्स सॅड, मम्मा." नऊ वर्षांच्या मुलीला कळलं ते. मला अजून पोचायचंय.

पपा, आता एक वचन देते, आणि ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची वाट न बघता देते. आज दुपारी पाळकसाहेबांना फोन केला. येत्या शुक्रवारी साक्षीच्या वेळेत मला बोलायचंय, असं सांगितलं. विषय काय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पपांचा जीवनवृत्तांत मी अर्धाच वाचला होता, उरलेला वाचायचाय. सलीमचा पत्ता दादाने मिळवलाय. तो सोहार बंदरात कामाला आहे, त्यालाही बोलावलंय. तो येईल की नाही, मला ठाऊक नाही. आला तर तो काय म्हणेल, तेही नाही.

शुक्रवारी मी उभी राहीन आणि माझं नाव घेऊन सांगीन, की किल्ली मी दिली, विचारल्यावर नाही म्हटलं, आणि पपांनी पद का सोडलं. रडू येईल की नाही, कोण जाणे. आवाज गेला तर थांबेन, पाणी पिईन, पुन्हा सुरू करीन. वाक्य पूर्ण झाल्याशिवाय खाली बसणार नाही.

तुमची,
सुवार्ता